पंखाच्या टोकाशी

रत्नागिरीत पदार्थविज्ञान शिकवता शिकवता मला ग्लायडर बनवण्याचा नाद लागला आणि तो सुटला नाही. बाल्साचं लाकूड, थर्मोकोल, नाकाशी वजनाला थोडी प्लास्टिसिन, एवढं सामान. उडवायला शहराबाहेरचा सडा, नाहीतर पहाटे मतलई वारा अगदी मंद असताना भाट्याची पुळण. पावसाळ्यात उडवणं बंद, तेव्हा गणितं करायची. मुलं येतात, मोठी होतात, पुण्या-मुंबईला जातात. त्यांच्याबरोबर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. लिफ्ट, म्हणजे पंखाला वर उचलणारं बल, सगळ्यांना पटकन पटते. त्या उचलण्यापायीच विमानाला मागे खेचणारा इंड्यूस्ड ड्रॅग मात्र कुणालाच पटत नाही. इंजिनिअरिंगला गेलेली मुलं सूत्र घडाघडा म्हणतात, पण विमान सावकाश चालवलं तर ते जास्त का अडतं असं विचारलं की थबकतात. हा विषय ज्या क्रमाने सांगितला तर डोक्यात उतरतो, त्या क्रमाने लिहितो आहे.

१. सुरुवात 'हवा खाली जाते' इथून करावी

बऱ्याच पुस्तकांत असं असतं की पंखाची वरची बाजू फुगीर, म्हणून वरच्या हवेला लांबचा रस्ता. खालच्या हवेबरोबर मागच्या कडेला एकाच वेळी पोचायचं म्हणून ती जास्त वेगाने पळते, वेग वाढला की दाब कमी होतो आणि पंख उचलला जातो. यातलं वेग आणि दाबाचं नातं बरोबर आहे. एकाच वेळी पोचण्याच्या अटीला मात्र काही आधार नाही. केंब्रिजचे होल्गर बबिन्स्की यांनी २००३ मध्ये हवेच्या बोगद्यात थांबून थांबून धूर सोडला आणि दाखवलं की वरून जाणारा धूर खालच्या धुराच्या आधीच मागच्या कडेला पोचतो. शिवाय थर्मोकोलच्या सपाट पट्टीला फुगवटा नसतो, तरी तिचं ग्लायडर उडतं. कसरती करणारी विमानं उलटीही उडतात.

मी मुलांना आधी एवढंच सांगतो की पंख हवेला खाली ढकलतो आणि हवा पंखाला वर ढकलते. दाबाचा फरक हे ते ढकलणं घडण्याचं साधन आहे, वेगळं कारण नव्हे. थोडा तिरका धरलेला पंख पंख्याच्या वाऱ्यात ठेवून पुढून उदबत्तीचा धूर सोडला, की पंखामागे धुराची रेघ खाली वळलेली दिसते. ही रेघ प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी असा माझा आग्रह असतो, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघतं.

२. जोर एका हिशेबाने मिळतो, खर्च दुसऱ्या हिशेबाने होतो

या विषयात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी. दर सेकंदाला जेवढी हवा खाली ढकलली तिचं वस्तुमान गुणिले तिला दिलेला वेग, एवढा जोर आपल्याला वर मिळतो. पण त्यासाठी लागणारी ऊर्जा त्या वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. समजा, १०० न्यूटनचा जोर हवा आहे. दर सेकंदाला १० किलो हवा १० मीटर प्रति सेकंद वेगाने खाली ढकलली तर १०० न्यूटन मिळतात आणि खर्च येतो ५०० वॅट. तोच जोर १०० किलो हवेला फक्त १ मीटर प्रति सेकंद वेग देऊन मिळवला तर खर्च ५० वॅट. जोर तेवढाच, खर्च दहावा हिस्सा.

म्हणजे उडण्याची काटकसर एकाच प्रकारे होते : खूप हवा पकडायची आणि तिला हळूच ढकलायचं. हवेला जी ऊर्जा दिली ती मागे राहिलेल्या हवेत फिरत, घुसळत राहते आणि वाया जाते. हा जो खर्च, तोच विमानाला मागे खेचणारं बल म्हणून जाणवतो. इंड्यूस्ड ड्रॅग म्हणतात ते हेच. पंख कितीही गुळगुळीत केला, रंगवून घोटला, तरी तो जात नाही, कारण त्याचा घर्षणाशी संबंधच नाही. हवेत टिकून राहायचं म्हटलं की तो आला.

पंख नेमकी किती हवा पकडतो? लुडविग प्रांटल यांनी गटिंगेनमध्ये १९१८-१९ च्या सुमारास मांडलेल्या सिद्धांतातून याचं सुंदर उत्तर निघतं. पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी हाच व्यास असलेला गोल बोगदा कल्पावा. विमान एका सेकंदात जेवढं पुढे जातं तेवढ्या लांबीच्या बोगद्यातली हवा त्याच्या वाट्याला आली असं धरून हिशेब केला तर तो चोख जुळतो.

हा हिशेब मी मुलांना आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या विमानावर करायला लावतो. रत्नागिरीच्या विमानतळावर तटरक्षक दलाचा तळ आहे, आणि या दलाचं नेहमीचं गस्तीचं विमान म्हणजे डॉर्निअर २२८. आपल्याकडे ते हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कानपूरच्या कारखान्यात बनतं. पंखांची लांबी जवळजवळ १७ मीटर, वजन ६,२०० किलो धरू. ताशी ३६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १०० मीटर वेगाने ते जात असेल, तर दर सेकंदाला सुमारे २७ टन हवा त्याच्या वाट्याला येते. फळ्यावर हा आकडा आला की वर्गात गलका होतो. एका सेकंदात २७ टन! एवढ्या हवेला फक्त सव्वादोन मीटर प्रति सेकंद वेगाने खाली ढकललं की अख्खं विमान तरंगतं. पंखावर जोर सगळीकडे आदर्श पसरत नाही हे धरून थोडी भर घातली, तर हवेत टिकण्याचा खर्च अंदाजे ८० किलोवॅट येतो.

आता त्याच दलाचं चेतक हेलिकॉप्टर घेऊ. पात्यांच्या चकतीचा व्यास ११ मीटर, पूर्ण भरलेलं वजन २,२०० किलो. एका जागी तरंगताना त्याला पुढून येणारी हवा मिळत नाही, डोक्यावरची जेवढी ओढून घेता येईल तेवढीच. ती भरते सेकंदाला साधारण ११०० किलो. मग तिला ढकलावं लागतं जवळपास १९ मीटर प्रति सेकंद वेगाने, म्हणजे ताशी ७० किलोमीटर. खर्च आदर्श गणितानेही २१० किलोवॅट. वजन डॉर्निअरच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतकं आणि खर्च अडीचपटीहून जास्त. हेलिकॉप्टर उतरताना पालापाचोळा का उडतो आणि डॉर्निअर डोक्यावरून गेलं तरी झावळी का हलत नाही, हे या दोन आकड्यांत आहे.

३. सावकाश उडणं महाग पडतं

रस्त्यावरच्या गाड्यांनी आपल्याला उलटी सवय लावली आहे. गाडी हळू चालवली की हवेचा अडथळा कमी, पेट्रोल कमी. विमानालाही हवा फाडत जाण्याचा अडथळा असतो आणि तो वेगाच्या वर्गाने वाढतो. त्याला पॅरासाइट ड्रॅग म्हणतात. पण इंड्यूस्ड ड्रॅग बरोबर उलटा वागतो. वेग निम्मा केला तर तो चौपट होतो.

का, ते दुसऱ्या मुद्द्यावरून लगेच कळतं. तेच डॉर्निअर ताशी १८० किलोमीटरवर आणलं तर वाट्याला येणारी हवा निम्मी झाली. वजन तेवढंच, म्हणून ती दुप्पट वेगाने खाली ढकलायला हवी. त्यामुळे दर सेकंदाचा खर्च दुप्पट होतो, आणि त्या सेकंदात विमान निम्मंच अंतर कापतं, म्हणून मागे खेचणारं बल चौपट. माझ्या हिशेबात ते ८२ किलोच्या आसपास होतं, ते ३३० किलोपर्यंत जातं.

चित्र डोळ्यांपुढे आणायचं तर मी भाट्याच्या सुक्या वाळूचं उदाहरण देतो. ओल्या घट्ट पुळणीवर माणूस सरळ चालतो. वरच्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो आणि प्रत्येक पावलाला आपणच केलेल्या खड्ड्यातून वर चढावं लागतं. बघणाऱ्याला जमीन सपाट दिसते, चालणारा मात्र सतत चढावर असतो. पंखाचंही तसंच. आपणच खाली ढकललेल्या हवेत तो उडतो, त्या हवेच्या दृष्टीने तो कायम चढ चढत असतो आणि म्हणून त्याची लिफ्ट सरळ वर न राहता किंचित मागे कलते. डॉर्निअरच्या सावकाश वेगाला हा कल अडीच-तीन अंशांचा भरतो. अंश थोडे, पण सहा टनांवरचे.

वजनाचाही इथे वर्ग होतो. वेग तोच ठेवून वजन सव्वापट झालं तर इंड्यूस्ड ड्रॅग दीडपटीहून जास्त वाढतो. समुद्री गरुड, ज्याला आमच्याकडे काकण म्हणतात, तो पाण्यातून मोठा मासा उचलून निघतो तेव्हा त्याच्या पंखांची सुरुवातीची धडपड बघावी. वजन वाढलेलं आणि वेग अजून आलेला नाही, म्हणजे दोन्ही बाजूंनी मार. एकदा वेग धरला की त्याच माशासकट तो शांतपणे पंख मारत सरळ जातो. मिरकरवाड्याच्या एका मुलाने मला सांगितलं, "सर, घारपण मासा घेतल्यावर पहिली सरळ वर नाय जात, पाण्यावरनं लांब जाते नि मग चढते." हे त्याने लहानपणापासून बंदरावर पाहिलेलं होतं. मी कारण तेवढं जोडलं.

वैमानिकाच्या दृष्टीने हा मुद्दा जिवाचा आहे. दोन्ही ड्रॅग समान होतात त्या वेगाला एकूण ड्रॅग सगळ्यात कमी असतो. त्याच्याखाली वेग गेला की नाक वर केल्याने विमान वर जात नाही. ड्रॅग वाढतो, वेग आणखी पडतो आणि विमान खाली बसायला लागतं. उतरताना पंखामागच्या फ्लॅप नावाच्या झडपा सोडून सावकाश येणाऱ्या विमानाचं इंजिन बंद न राहता चांगलं जोरात चालत असतं ते यासाठी.

४. क्षेत्रफळ नव्हे, लांबी मोजावी

"मग पंख मोठा करू या" असं मुलं म्हणतात. मी विचारतो, मोठा म्हणजे कुठल्या बाजूने? गोल बोगद्याच्या हिशेबात पंखाची रुंदी कुठेच आली नाही, फक्त लांबी आली, तीही वर्गाने. वजन आणि वेग तेच असतील तर पंख दीडपट लांब केल्यावर इंड्यूस्ड ड्रॅग निम्म्याहून खाली येतो.

राइट बंधूंची दोन ग्लायडर शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. १९०१ च्या ग्लायडरचे पंख २२ फूट लांब आणि ७ फूट रुंद होते. ते अपेक्षेच्या मानाने फार कमी उचलायचं. त्या वर्षाच्या शेवटी त्यांनी डेटनला घरगुती हवेचा बोगदा बनवून पंखांचे कितीतरी नमुने तपासले आणि १९०२ चं ग्लायडर केलं ३२ फूट लांब, ५ फूट रुंद. क्षेत्रफळ २९० वरून ३०५ चौरस फूट, म्हणजे वाढ नावापुरती. उडण्यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडला. त्या यशात पंखाचा बदललेला बाक आणि मागची उभी शेपटी यांचाही वाटा होता, पण लांबट पंखाचा वाटा मोठा. पुढच्या वर्षीच्या इंजिनाच्या विमानाचं यश या ग्लायडरवर उभं आहे. या भावंडांबद्दल मला फार आदर वाटतो. त्यांनी पंख नुसता बनवला नाही, मोजला.

हा प्रयोग घरी करता येतो. चारशे चौरस सेंटिमीटरचे दोन पंख कापायचे : एक ४० बाय १०, दुसरा ६० बाय साधारण ६.७. दांडी तीच, शेपटी तीच, प्लास्टिसिन लावून वजन सारखं करायचं. तोल प्रत्येक वेळी नव्याने साधायचा. पंखाच्या पुढच्या कडेपासून पाव रुंदीवर दोन बोटांच्या टोकांवर ग्लायडर आडवं राहिलं पाहिजे. वारा अजिबात नको, म्हणून बंद हॉलमध्ये, खांद्याच्या उंचीवरून, न फेकता नुसतं पुढे सोडल्यासारखं सोडायचं. लांब पंखाचं ग्लायडर पुढे जाऊन टेकतं आणि वाटेत घाई करत नाही.

मग एखादं हुशार मूल ९० सेंटिमीटरचा, साडेचार सेंटिमीटर रुंदीचा पंख कापतं आणि ते ग्लायडर आधीच्यापेक्षा मागेच पडतं. हेही होऊ द्यावं. लांब पंख सोडताना वाकतो, टोकाला पीळ पडतो, आणि इतक्या अरुंद पट्टीवर, इतक्या कमी वेगाला, हवेचा चिकटपणा डोकं वर काढतो. लांबीची किंमत मुळाशी मोजावी लागते. टोकावरचा जोर जितका लांब तितकं पंखाच्या बुडाशी वाकवणारं बल जास्त, तितका दांडा जाड, तितकं वजन जास्त, आणि वजनाचा पुन्हा वर्ग. विमानाचा पंख किती लांब, हा सगळा झगडा याच दोन बाजूंमधला.

ज्यांना सावकाश उडायचंच आहे ते लांबीच्या बाजूने जातात. जर्मनीत बनलेल्या 'एटा' ग्लायडरचे पंख ३०.९ मीटर आहेत, रुंदीच्या मानाने पन्नासपटीहून लांब. एक किलोमीटर उंचीवरून ते सुमारे ७० किलोमीटर लांब जाऊ शकतं. १० मार्च २०१५ ला मस्कतहून अहमदाबादला उतरलेलं सौरविमान 'सोलर इम्पल्स २' आठवत असेल. वजन अवघं २,३०० किलो आणि पंख ७२ मीटर, म्हणजे जंबो जेटपेक्षाही लांब. सूर्यप्रकाशातून मिळणारी शक्ती तुटपुंजी, वेग रस्त्यावरच्या मोटारीएवढा, मग हवेत टिकायचं तर भरपूर हवा पकडण्यावाचून इलाज नव्हता.

५. टोकाची भोवरी हे कारण नव्हे, खूण आहे

हा मुद्दा मी जरा हट्टाने मांडतो, कारण इथे शिकलेली माणसंही घसरतात. पंखाखाली दाब जास्त, वर कमी. टोकाशी खालची हवा वळसा घालून वर जाते आणि भोवरी तयार होते. इथपर्यंत खरं. मग म्हणतात, ही भोवरी ड्रॅग निर्माण करते, टोकाला भिंत घातली की भोवरी बंद आणि ड्रॅगही बंद.

आधी भोवरी पाहावी. टेबलपंख्याची हवा स्वतःच गरगरत येते, म्हणून त्याच्यासमोर कापलेल्या स्ट्रॉचा जुडगा चौकटीत घट्ट बसवायचा, म्हणजे हवा बऱ्यापैकी सरळ होते. पंख दोन खिळ्यांवर पक्का करायचा, दोन्ही टोकं मोकळी. मागच्या कडेला थोड्या थोड्या अंतरावर लोकरीचे वीतभर धागे चिकटवायचे. पंखा सुरू केला की मधले धागे नुसते खाली झुकून थरथरतात. टोकाचा धागा मात्र चातीसारखा गोल फिरायला लागतो, डाव्या टोकाचा एका दिशेने, उजव्याचा उलट. पंख आडवा करून लिफ्ट नाहीशी केली की फिरणं थांबतं, पुन्हा तिरका केला की सुरू. मुलं हे पुन्हा पुन्हा करून बघतात आणि मी त्यांना करू देतो.

आता मधल्या धाग्यांकडे बोट दाखवायचं. तिथे भोवरी नाही, पण हवा खाली जातेच आहे. ऊर्जा सगळ्या पंखामागे वाया जाते आहे, टोकाला ती फक्त डोळ्यांना दिसते. मधली हवा खाली चालली आहे आणि बाहेरची नाही, तर सीमेवर वळण पडणारच. मर्यादित लांबीच्या पंखाने लिफ्ट केली की भोवरी आली. ती बुजवता येत नाही, पसरवता येते.

फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १८९७ मध्येच टोकाच्या उभ्या पट्ट्यांचं पेटंट घेतलं होतं. पण साध्या पट्टीचं घर्षणच एवढं की फायदा त्यात जायचा. १९७० च्या दशकात तेलाचे भाव भडकले तेव्हा नासाच्या रिचर्ड व्हिटकम्ब यांनी ही पट्टी नीट आकार दिलेला छोटा पंख म्हणून घडवली, तिला विंगलेट म्हणतात. ती भिंत म्हणून काम करत नाही. टोकाशी आत वळणाऱ्या हवेतून स्वतः थोडी लिफ्ट काढते आणि पंख आहे त्यापेक्षा लांब असल्यासारखी हवा जास्त पसरते.

मग सरळ पंखच लांब का नाही केला? विमानतळावर जागा नाही म्हणून. एअरबस ए-३२० च्या जातीच्या विमानांना ज्या फाटकाशी उभं करतात तिथे पंखांना ३६ मीटरची मर्यादा असते. या विमानाचे मूळचे पंख ३४.१ मीटर, टोकं वर वळवल्यावर ३५.८. वीस सेंटिमीटर शिल्लक! कंपनी लांबच्या प्रवासात चार टक्क्यांपर्यंत इंधन वाचतं असं सांगते. बोइंगने ७७७-एक्सला वेगळा मार्ग काढला : ७१.७५ मीटरचे पंख जमिनीवर टोकं दुमडून ६४.८५ मीटर होतात. आपल्या डॉर्निअरला उभं काही नाही, पण त्याच्या पंखाचं टोक चौकोनी कापलेलं नसून मागे निमुळतं होत गेलेलं, त्रिकोणी आहे. किनाऱ्यावरून खाली उडत गेलं तर हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

घारीच्या पंखाला टोकाशी फाकलेली बोटं असतात. एक मोठी भोवरी होण्याऐवजी ती अनेक लहान पिसांत, वरखाली पसरली जाते. समुद्रावर आयुष्य काढणाऱ्या अल्बट्रॉसला झाडाझुडपात उतरायचं नसतं, त्याने तीन मीटरहून लांब निमुळते पंख घेतले. घारीला माडांमधून वाट काढायची असते, तिने पंख आखूड ठेवून बोटं फाकली.

६. पाण्याजवळ स्वस्त पडतं

काजळी नदी भाट्याजवळ समुद्राला मिळते. त्या खाडीवर संध्याकाळी पाणकावळे पाण्याला पंख लागतील इतके खालून जाताना दिसतात. पंखाखालची हवा खाली जायला निघते आणि पाणी तिला जाऊ देत नाही, म्हणून हवा कमी वेगाने ढकलूनही तेवढाच आधार मिळतो. पंखाच्या पूर्ण लांबीइतक्या उंचीवर याचा जवळपास काही फायदा नसतो. चौथाई उंचीवर इंड्यूस्ड ड्रॅग सुमारे पावपट घटतो, दहाव्या हिश्श्यावर निम्म्याच्या आसपास. पाणकावळ्याचे पंख आखूड आणि अंग जड, त्याला या सवलतीची गरज सगळ्यात जास्त.

विमान उतरताना धावपट्टीवर टेकायचं सोडून पुढे तरंगत राहतं ते यामुळेच. आणि उड्डाणाच्या वेळी हाच फसवा आधार धोक्याचा : विमान जमिनीजवळ उडतं, थोडं वर गेलं की आधार सुटतो आणि वेग पुरेसा नसेल तर पुन्हा खाली येतं.

७. पुढच्याची हवा मागच्याच्या कामाची

टोकाच्या भोवरीत आतली बाजू खाली जाते, पण बाहेरची बाजू वर येते. त्या वर येणाऱ्या हवेत मागच्या पक्ष्याने आपला पंख ठेवला तर त्याचा खर्च वाचतो. पक्ष्यांचे थवे तिरकी रांग धरतात त्याचं एक कारण हे. ९ नोव्हेंबर २०२१ ला एअरबसने ए-३५० जातीची दोन विमानं तुलूझहून माँट्रियलला अशीच, मागचं पुढच्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर ठेवून, नेली आणि सहा टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड वाचवला. नेमक्या भोवरीत शिरलं तर मात्र लहान विमान उलटूही शकतं. जड विमानामागे उतरणाऱ्याला अंतर ठेवायला लावतात ते म्हणून, आणि जड विमान सावकाश असताना ही भोवरी सगळ्यात बळकट असते. कारण तिसऱ्या मुद्द्यात आलंच आहे.

८. वर राहणं आणि लांब जाणं, दोन्हींचा वेग वेगळा

दुपारी खारा वारा सुटला की रत्नदुर्गाच्या कड्यावर, भगवतीच्या देवळाकडून दीपगृहाकडे जाताना, घारी पंख न हलवता लटकलेल्या दिसतात. समुद्रावरून आलेला वारा कड्यावर आपटून वर चढतो. घार त्या हवेत खाली उतरतच असते, हवा तिच्याहून जास्त वेगाने वर येत असते, म्हणून ती आहे तिथे राहते. अशा वेळी तिला दर सेकंदाला कमीत कमी उतरायचं असतं. गणित सांगतं की तो वेग सगळ्यात लांब जाण्याच्या वेगाच्या सुमारे पाऊणपट असतो आणि त्या वेगाला इंड्यूस्ड ड्रॅग पॅरासाइट ड्रॅगच्या तिप्पट भरतो. म्हणजे कड्यावर लटकलेल्या घारीची तीन चतुर्थांश मेहनत नुसती हवा खाली ढकलण्यात जाते. म्हणूनच ती तिथे पंख पूर्ण पसरते, शेपूट उघडते, बोटं फाकते.

तीच घार कडा सोडून मिऱ्याच्या बाजूला निघाली की पंख कोपरातून मागे घेते, टोकं निमुळती करते आणि वेग वाढवते. आता कमी उतरणं नव्हे, लांब जाणं महत्त्वाचं. समोरून वारा असेल तर आणखी वेग घ्यावा लागतो, कारण वाऱ्यात जितका जास्त वेळ थांबलं तितकं मागे ढकललं जातं. ग्लायडर चालवणाऱ्यांना हे आकडेमोड करून शिकावं लागतं.

गेल्या हिवाळ्यात मुलांनी कड्यावरून घारींचं चित्रीकरण सुरू केलं. घारीचा पंख साधारण सव्वा मीटरचा धरून चित्रातून वेग काढायचा, वाऱ्याचा वेग हातातल्या मापकाने घ्यायचा आणि लटकतानाचा वेग निघून जातानाच्या वेगाच्या पाऊणपट भरतो का ते बघायचं, असा बेत आहे. अडचण अशी की घार दोन्ही वेळी पंखाचा आकार बदलते आणि आपलं सूत्र एकच आकार धरून चालतं. दोन आकारांसाठी दोन वेगळे आलेख काढावे लागतील. पाऊस संपला, सड्यावरचं गवत पिवळं पडायला लागलं, की तिथून पुढे सुरुवात करणार आहोत.